वीस वर्षांच्या घोडीला चांगलं घर: कोणाला द्यावी, कशी द्यावी?

वावर_सेलू

नमस्कार मंडळी. सेलू तालुक्यातली (जि. वर्धा) एक देशी घोडी चांगल्या घरी द्यायची आहे. रंग कुमैत, वय वीसच्या आसपास. आधी टांग्याला, मग वरातीला चालली. आता कामाला लावत नाही. वावर मक्त्याने दिलं आहे, दिवाळीनंतर तिथं तिच्याकडे बघणारं कोणी राहणार नाही.

छातीचा घेर १५२ सेंमी, खांद्याच्या टोकापासून पुठ्ठ्याच्या टोकापर्यंत लांबी १४८ सेंमी. पुढचा उजवा गुडघा सकाळी आखडलेला असतो, थोडं चालली की मोकळा होतो. कडबा खाताना अर्धवट चावलेले ओले गोळे गव्हाणीत पडतात, लीदीत अख्खे हरभरे दिसतात. नाल काढलेले आहेत. स्वभाव अगदी गरीब, फक्त एकटी ठेवली की दिवसभर खिंकाळते.

दोन विचारणा आल्या आहेत. एक अमरावतीकडचे दूधवाले शेतकरी, गोठ्यात बारा गाई. गाईंसोबत घोडीही सांभाळू म्हणतात. दुसरे वरातीच्या घोड्या ठेवणारे. काम देणार नाही, नुसती उभी राहील असं सांगतात आणि पैसेही द्यायला तयार आहेत.

यातलं कोणतं घर बरं, की दोन्ही नको? पैसे घ्यावे का? कागद कसा करावा? आणि या वयात जागा बदलली की नेमकं काय बिघडतं?

पशुवैद्य_अकोला

घर ठरवण्याआधी तिचं तोंड आणि रक्त तपासून घ्या. ही दोन कामं झाल्याशिवाय कोणाला होकार देऊ नका.

गव्हाणीतले ओले गोळे आणि लीदीतले अख्खे हरभरे एकच गोष्ट सांगतात: दाढा नीट दळत नाहीत. घोड्याचा दात वर्षाला साधारण २ ते ३ मिमी हिरडीतून वर सरकतो आणि तेवढाच झिजतो. विशीनंतर आतला साठा संपत येतो. एखादी दाढ हलते किंवा पडते, समोरची दाढ त्या रिकाम्या जागेत वाढते, कडांना धार येऊन गाल आणि जीभ कापली जाते. नुसती जीभ बाहेर ओढून हे दिसत नाही. थोडी गुंगी देऊन, जबडा उघडा ठेवणारी चौकट लावून, टॉर्च घालून शेवटच्या दाढेपर्यंत बघावं लागतं. जवळच्या दवाखान्यात चौकट आणि कानस नसेल तर नागपूरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात न्या. कानस मारताना फक्त धारदार कडा उतरवायच्या. म्हाताऱ्या घोडीची दाढ पार सपाट केली तर उरलंसुरलं दळणही जातं.

तोंड उघडलंच आहे तर वयही पक्कं करून घ्या. वरच्या ओळीतल्या कोपऱ्याच्या दातावर एक उभी तपकिरी खाच असते. ती दहाव्या वर्षाच्या सुमारास हिरडीपाशी दिसू लागते, पंधराव्याला अर्ध्या दातापर्यंत येते, विसाव्याला टोकापर्यंत पोचते आणि त्यानंतर हिरडीकडून पुसत जाते. दोन-तीन वर्षं इकडेतिकडे धरा. त्या दाताचा जवळून फोटो काढून करारपत्राला जोडा. पुढे कोणी बारा वर्षांची म्हणून विकायला काढली तर हाच फोटो आडवा येतो.

वजनाचा हिशोब: घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले ११,८८०. तुमच्या मापांनी २८८ किलो येतं. या वजनाला रोज साडेचार ते पावणेसहा किलो कोरडं खाद्य लागतं, आणि त्यातला मोठा वाटा चाऱ्याचाच हवा. अशा दाढांना अख्खा कडबा पचत नाही. अर्धवट चावलेला कडबा घशात अडकतो, नाहीतर मोठ्या आतड्यात गोळा होऊन पोटशूळ उठतो. म्हणून सुकं गवत किंवा कडब्याची बारीक कुट्टी साडेतीन किलो आणि सुका लसूणघास एक किलो, दोन्ही तासभर भिजवून, दिवसातून चार वेळा वाटून द्या. सोबत भरडलेला आणि भिजवलेला हरभरा अर्धा किलो, भरडलेली ज्वारी अर्धा किलो, शिजवलेली जवस १०० ग्रॅम, मीठ ३० ग्रॅम. भरडा एका वेळी सव्वा किलोच्या वर जाऊ देऊ नका. मेमध्ये भिजवलेलं खाद्य दोन तासांत आंबतं, म्हणून एकदम भिजवून ठेवायचं नाही. जो हे चार वेळा करायला तयार आहे त्याचंच घर खरं.

आता रक्त. ग्लँडर्सची तपासणी करा. हा आजार माणसालाही होतो, घोड्यांसाठी लस नाही, उपचार केले जात नाहीत. प्राणी बाधित निघाला तर कायद्यानुसार त्याला दयामरण द्यावं लागतं. २००९ च्या प्राण्यांमधील संसर्गजन्य रोग नियंत्रण कायद्याखाली संशयित जनावर लगेच कळवणं बंधनकारक आहे. नमुना पशुसंवर्धन विभागामार्फत जातो, या तपासणीची राष्ट्रीय संस्था हिसारला आहे, त्यामुळे अहवालाला वेळ लागतो. गाडी ठरवून मग नमुना दिला तर सगळं अडकून पडेल. त्याच वेळी सर्ऱ्यासाठी (गोमाशांमार्फत पसरणारा रक्ताचा आजार) रक्ताची काच सूक्ष्मदर्शकाखाली बघायला सांगा. पावसाळ्यानंतर गोमाशा वाढतात आणि सर्रा पसरतो. ताप येऊन-जाऊन असणं, पोटाखाली आणि पायांवर सूज, खाऊनही वाळत जाणं ही त्याची लक्षणं. ते म्हातारपण समजून सोडून दिलं जातं, हे फार वाईट होतं, कारण सर्ऱ्याला औषध आहे.

उन्हाळा लागला तरी लांब केस गळत नसतील तर डॉक्टरांना आवर्जून सांगा. पंधराच्या पुढच्या घोड्यांत ग्रंथीचा एक विकार होतो, त्यात केस झडत नाहीत आणि खुरांच्या आत दाह होतो. विदर्भाच्या उन्हात असं जनावर फार सोसतं.

चारा_वैरण_धामणगाव

दूधवाल्यांबद्दल लिहितो. माणूस चांगला असला तरी गाईंच्या गोठ्यात घोडी मरू शकते, कारण गाईला चालतं ते घोड्याला चालत नाही. हे त्यांना आधीच समजावून सांगावं लागेल.

सगळ्यात मोठा धोका गोळी पेंडीचा. काही पशुखाद्यांत आणि कोंबडीखाद्यांत मोनेन्सिन हे औषध मिसळलेलं असतं. गाईला त्याचा फायदा होतो. घोड्याच्या हृदयाच्या स्नायूला मात्र थोडीशी मात्राही मारक ठरते आणि त्यावर उतारा नाही. पोत्यावर लिहिलेलं असेलच असं नाही. म्हणून गोळी पेंड पूर्ण बंद, आणि गाईची उष्टी गव्हाणही नको.

दुसरं म्हणजे मुरघास. खड्ड्याच्या कडेचा, हवा लागलेला मुरघास गाई पचवतात. घोड्याला त्यातल्या विषाने अर्धांगासारखं होतं, गिळता येत नाही आणि बहुतेक वेळा जनावर जातं. बुरशी लागलेला मका त्याहून वाईट, तो मेंदूच सडवतो. कणसाचा दाणा गुलाबी-पांढरट दिसला तर अख्खं पोतं बाजूला काढा.

नेपियर गवत सध्या जवळजवळ प्रत्येक दूधवाल्याकडे असतं. त्यात ऑक्झलेट जास्त असल्याने घोड्याला चाऱ्यातला कॅल्शियम मिळत नाही. त्यात रोज गव्हाचा चोकर दिला तर फॉस्फरस वाढतो आणि शरीर हाडांतला कॅल्शियम काढू लागतं. काही महिन्यांत चेहऱ्याची हाडं फुगतात, पाय बदलत लंगडणं सुरू होतं. तुमच्या घोडीचा गुडघा आधीच धरलेला आहे, तिला हे परवडणार नाही. नेपियर हा मुख्य चारा नको, चोकर दिवसाला पाव किलोच्या वर नको, आणि लसूणघास रोज हवाच.

सरकी ढेप बंद. युरिया प्रक्रिया केलेलं कुटार (भुसा) बंद. सोयाबीनचं कुटार गाईला चालतं, पण त्यातल्या काड्या आणि धूळ म्हाताऱ्या दातांना आणि फुप्फुसांना झेपत नाही. कच्चं सोयाबीनही नको. पूर्वेकडे भंडारा-गोंदियाला दिलीत तर तिथं तणस (धानाचा पेंढा) मिळेल. ती अंथरायला उत्तम, खायला निकस. कोवळ्या किंवा पाण्याअभावी खुरटलेल्या ज्वारीत तिला सोडू नका.

औषधांत एकच गोष्ट पक्की लक्षात ठेवायला सांगा: गोचिडांसाठी गाईंवर अमिट्राझ फवारतात, ते घोड्याला लावायचं नाही. त्याने आतड्याची हालचाल थांबते आणि लीद अडकते. गोठा फवारायचा असेल तेव्हा घोडी बाहेर काढा आणि जमीन वाळल्यावरच आत आणा. जंताचं आयव्हरमेक्टिन तोंडाने द्यायचं. गाईचं इंजेक्शन उरलं म्हणून घोडीला टोचायचं नाही.

एवढं मान्य असेल तर दूधवाल्यांचं घर वाईट नाही. एकटी राहिली की ती खिंकाळते, तिथे तिला सोबत मिळेल. नजरेसमोर गाई असल्या तरी बरेच घोडे शांत होतात, फक्त शिंगाच्या टप्प्यात बांधू नका. वेगळी गव्हाण, वेगळी बादली, १२ बाय १२ फुटांची वेगळी जागा, आणि घोडीचं खाणं घालणारा एकच ठरलेला माणूस. शेवटची अट सगळ्यात महत्त्वाची, कारण रोजंदारीचा गडी बदलला की सूचनाही हरवतात.

जागा बघायला जाल तेव्हा धुऱ्यावर (बांधावर) नजर टाका. कण्हेर असेल तर ती तोडायला लावा, तिची मूठभर पानंही घोड्याला मारतात. एरंडी, धोतरा आणि बेशरमही तिच्या तोंडाला लागता कामा नये. कपाशीच्या वावराला लागून बांधणार असतील तर जुलै ते ऑक्टोबर फवारणीच्या दिवसांत ती जागा चालणार नाही. काटेरी तारेच्या आत घोडी मोकळी सोडायची नाही, रात्री बिचकली की ती सरळ तारेत जाते. जंगलाला लागून गाव असेल, विशेषतः चंद्रपूर, गडचिरोली किंवा मेळघाटाकडे, तर रात्रीचा गोठा चारही बाजूंनी बंद हवा. पाणी विचारा: कोरड्या चाऱ्यावर आणि मेच्या उन्हात तिला दिवसाला ३५ ते ४० लिटर लागेल. टाकी उन्हात असेल तर दुपारी पाणी इतकं तापतं की घोडी पीतच नाही, आणि कमी पाणी म्हणजे पुन्हा पोटशूळ.

नालबंद_यवतमाळ

भाऊ, वरातवाल्याचं पैले सांगतो. ते घर नको. तुयशीचं लगन झालं का त्याईचा सीझन सुरू होते, अन् त्याच्या आंधीच गरीब सोभावाच्या घोड्या शोधाले निघतेत. डीजे-फटाक्यात न उधळनारी घोडी त्याईले सोन्यासारखी. त्याईची एखादी घोडी लंगडली का तुमची घोडी एक दिवसासाठी उभी होते, मंग रोजच होते. दोन-तीन घंटे डांबरावर पाय आपटत चालनं, थे बी रातच्याले, आखडेल गुडघ्याले झेपत नाई. पैसे देतो म्हनते त्याचा अर्थ पैसे वसूल बी करीन.

खुराचं आयका. नाल नसले तरी सहा ते आठ आठवड्यानं खूर कापाच लागते. पुढचा भाग लांब वाढला का सारा ताण गुडघ्यावर येते, अन् लोक म्हनतेत म्हातारपणानं लंगडते. नव्या घरी नालबंद येते का, कितीक दूरून येते, हे आधी विचारा. नसन येत तर तुमच्याकडचा पाठवाची सोय ठेवा.

पावसायात काया मातीत उभी राहिली का खुराच्या तळातला मऊ तिकोना सडते. काया चिकट घाण निंघते, वास येते. उपाय सोपा हाय: उभं राहाच्या जागी निदान सहा इंच मुरूम, त्यावर उतार, रोज एकडाव तळवा खरडून साफ. मुरमाची एक ट्रॉली टाकाले जो कुरकुर करते तो बाकीचं बी करनार नाई.

गाडीचं: छोटा हत्ती घेऊ नका. पिकअप घ्या, डाला आठ फुटाचा, बाजू पाच फूट उंच. फळ्या टाकून चढवू नका, पाय सरकला का म्हातारी घोडी पुन्हा चढत नाई. गाडीचं मांगचं तोंड धुऱ्याले नाईतं मुरमाच्या ढिगाले लावा म्हंजे सपाट चालत आत जाते. खाली रेती, त्यावर तणस. दोनी बाजूनं बांबू बांधा, त्याले पोते गुंडाया, वळणावर टेकाले आधार भेटते. दोर एका झटक्यात सुटनाऱ्या गाठीनं बांधा अन् मान खाली करता येईन इतका ढिला ठेवा. मान वरच रायली तर छातीत कफ भरते. पाय बांधू नका. पहाटे निंघा, ब्रेक हळू, दोन घंट्यानं गाडी थांबवून पाणी दाखवा. वळखीचा मानूस तिच्यापाशी डाल्यात बसला पायजे.

मेळघाट_वाट

दुसरा मार्ग मेळ्याचा. दत्तजयंतीच्या सुमारास सारंगखेड्याला (नंदुरबार) आणि मार्गशीर्षातच माळेगावला (नांदेड) घोड्यांचा मोठा बाजार भरतो. गिऱ्हाईक भरपूर असतं. तिथं का नको?

नोटरी_आर्वी

मेळ्यात वीस वर्षांच्या घोडीसाठी घर शोधायला कोणी येत नाही. तिथं तरुण मारवाडी-काठियावाडी जनावराला भाव असतो, आणि उरलेली म्हातारी जनावरं संध्याकाळी दलालाच्या दोरीला जातात. घेणाऱ्याचं गाव, गोठा, पाणी काहीच बघता येत नाही. शिवाय शेकडो घोड्यांत उभी करून आणलेलं जनावर आजार घेऊन येऊ शकतं.

पैशाबद्दल माझं मत स्पष्ट आहे. "फुकट देणे आहे" अशी जाहिरात उघड्या ग्रुपवर टाकू नका, तिला सगळ्यात आधी दलाल उत्तर देतो. पण किंमतही घेऊ नका. किंमत घेतली की ती विक्री होते, तुमचा शब्द संपतो आणि घेणारा पैसे वसूल करायला मोकळा होतो. त्यापेक्षा चारा तुम्ही द्या. पहिल्या तीन महिन्यांची साडेचारशे किलो कुट्टी-गवत-लसूणघास आणि शंभर किलो भरडा तिच्यासोबत पोचवा. घेणाऱ्याची ऐपत आणि नियत दोन्ही कळायला तेवढा काळ लागतो. घोडी त्याच्यावर ओझं होत नाही, आणि तुम्हाला मध्येच चौकशीला जायला कारण राहतं.

कागद "सांभाळायला दिल्याचा करार" असा करा, विक्रीपत्र नको. मालकी तुमची, ताबा त्यांचा. स्टॅम्प पेपरवर, नोटरीसमोर, दोन साक्षीदार. घोडीची ओळख नीट लिहा: रंग, कपाळावरचा ठिपका, पायांवरचे पांढरे मोजे (पट्टे), भोवरे कुठे आहेत, जुने व्रण, आणि डॉक्टरांनी सांगितलेला दाताचा फोटो. दोन्ही बाजूंचे फोटो तारखेसह.

अटींमध्ये हे नेमक्या शब्दांत असू द्या. वरात, टांगा, ओझं, शर्यत, पर्यटकांची सवारी यांपैकी काहीही नाही. (घरच्या लहान मुलाला दहा मिनिटं बसवायचं असेल तर ३० किलोपर्यंत आणि तेही डॉक्टरांनी गुडघा बघून हो म्हटलं तर.) घोड्याला दाखवायची नाही, या वयात शिंगरू म्हणजे तिच्या जिवाशी खेळ, आणि घोडी फुकट मागणाऱ्या काही लोकांच्या मनात शिंगरूच असतं. दुसऱ्या कोणालाही द्यायची, विकायची, तारण ठेवायची नाही. सांभाळणं जमेना तर पंधरा दिवस आधी कळवून तुम्हालाच परत. तुम्ही न सांगता येऊन बघू शकता. महिन्यातून एकदा उभा फोटो, बाजूने, सकाळच्या उजेडात. खूर, दात, लस, जंत यांचा खर्च कोणी करायचा आणि तातडीच्या वेळी डॉक्टर बोलवायला कोणाची परवानगी लागणार नाही, हेही लिहा. या शेवटच्या अटीअभावी मालकाचा फोन लागेपर्यंत जनावर तडफडत राहतं.

तीन महिने सुरळीत गेले आणि त्यांना मालकी हवी असेल तर तेव्हा दुसरा कागद करा. आणि कोणी कंटाळून रस्त्यावर सोडली तर तो नुसता करारभंग राहत नाही. जनावर उपाशी-तहानेलं राहील अशा अवस्थेत सोडून देणं १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम ११ खाली गुन्हा आहे.

घर तपासताना त्यांच्या डॉक्टरशी आणि नालबंदाशी बोला, शेजाऱ्याशी बोला. गोठ्यातल्या सगळ्यात म्हाताऱ्या गाईकडे बघा, जी आता दूध देत नाही. तिच्या फासळ्या, खूर, गळ्यातली दोरी यावरून तुमच्या घोडीचं पुढचं वर्ष कसं जाईल ते कळेल.

वावर_सेलू

सगळ्यांचे मनापासून आभार. वरातवाल्यांना नाही कळवतो. दूधवाल्यांना चाऱ्याच्या अटी लेखी पाठवतो, मानल्या तरच पुढे. अजून दोन गोष्टी: नेण्यासाठी कोणता महिना बरा, आणि पहिल्या दिवसांत काय बघायला सांगू? आणि तिला पुढे उठता येईनासं झालं तर तिथं काय करायचं, हे आधीच बोलावं का?

पशुवैद्य_अकोला

नोव्हेंबरचा दुसरा पंधरवडा ते फेब्रुवारी. गोमाशा कमी, चारा भरपूर, ऊन सौम्य. एप्रिल-मेमध्ये अजिबात नाही, आणि भर पावसातही नाही. ग्लँडर्सचा अहवाल हातात, आणि निघण्याआधी एक-दोन दिवसांत नोंदणीकृत पशुवैद्यकाचा प्रवासास योग्य असल्याचा दाखला. प्राणी वाहतूक नियम १९७८ प्रमाणे तो लागतो. धनुर्वाताची लस वर्षाच्या आत झालेली नसेल तर जायच्या तीन-चार आठवडे आधी द्या, कारण घोडा धनुर्वाताला फार लवकर बळी पडतो आणि गोठा बदलताना खरचटणं होतंच. रेबीजची लसही त्याच भेटीत.

नव्या जागी पहिले पाच दिवस तुमचाच चारा, तुमच्याच वेळा. नंतर दर दोन दिवसांनी पावहिस्सा नवा चारा मिसळा, म्हणजे साधारण बारा दिवसांत पूर्ण बदल होतो. आतड्यातल्या जंतूंना नवा चारा पचवायला तेवढा वेळ लागतो. एका दिवसात बदलला की वायू धरतो. पाण्याची चव बदलली तर म्हातारं जनावर पाणी कमी करतं. पहिल्या आठवड्यात बादल्या मोजून द्यायला सांगा, आणि तुमच्याकडची जुनी बादली सोबत पाठवा.

रोज लीद बघायची. आठ-दहा वेळा, ओलसर गोळे असतील तर ठीक. लीद थांबली, घोडी मागे वळून पोटाकडे बघते, पुढच्या पायाने जमीन उकरते, लोळते, वरचा ओठ मुडपते, तर तो पोटशूळ. खाणं काढून घ्या, पाणी राहू द्या, लगेच डॉक्टर. उभी असताना नाडी मिनिटाला २८ ते ४४ असते, जबड्याच्या खालच्या कडेला बोटं ठेवून मोजता येते. साठच्या वर गेली तर १९६२ या पशुवैद्यकीय हेल्पलाइनला फोन करून फिरत्या पथकाची वाट बघतानाच नागपूरला न्यायची गाडीही तयार ठेवा. अंगाचं तापमान ३७.५ ते ३८.५ अंश सेल्सिअसमध्ये हवं. घशात अडकलं असेल तर नाकातून चाऱ्यासकट पाणी येतं आणि मान ताणते. अशा वेळी तोंडात पाणी किंवा तेल ओतायचं नाही, ते फुप्फुसात जातं.

शेवटाचं आधीच बोला, आणि करारात लिहा. आज बोलायला जड वाटतं म्हणून टाळलं तर ज्या दिवशी गरज पडेल त्या दिवशी निर्णय घेणारं कोणी नसेल. घोडी आधाराशिवाय उठत नसेल, वेदनाशामक देऊनही चारही पायांवर भार घेत नसेल, किंवा भिजवलेलं खाद्यही गिळत नसेल, तर डॉक्टरांनी ठरवावं आणि दयामरण द्यावं. कोणत्या डॉक्टरांना बोलवायचं, खर्च कोणाचा, आणि खड्डा कुठे घ्यायचा हे तुम्ही, सांभाळणारा आणि डॉक्टर अशा तिघांनी मिळून ठरवा. २८८ किलोच्या जनावराला आठ ते नऊ फूट खोल खड्डा लागतो, जेसीबीने. विहिरीपासून, नाल्यापासून लांब. उघड्यावर टाकायचं नाही, कारण दयामरणाचं औषध मांसात राहतं आणि ते खाणारी कुत्री, गिधाडं मरतात. याच कारणाने गुडघ्यासाठी डायक्लोफेनॅक देऊ नका. जनावरांसाठी ते २००६ पासून बंद आहे, तरी माणसांच्या दुकानातून आणून टोचलं जातं. मेलॉक्सिकॅम डॉक्टरांच्या मात्रेने चालेल, रोज नाही, थंडीत आखडलेल्या दिवसांपुरतं.

आणि वाईट घर की दयामरण असा प्रश्न उभा राहिला, म्हणजे दोन-तीन महिन्यांत योग्य माणूस मिळालाच नाही, तर मक्तेदाराशी बोलून बघा. त्याच वावरात १२ बाय १२ ची जागा आणि पाणी त्याने द्यायचं, चारा तुम्ही पोचवायचा, चार वेळा घालण्याचे महिन्याला पैसे द्यायचे. तिला जागा बदलावी लागणार नाही, आणि या वयात तोच फायदा सगळ्यात मोठा. वर्षाला चारा दीड-पावणेदोन टन लागेल, तो नोव्हेंबरमध्येच भरून ठेवा; मार्चनंतर भाव चढतात आणि जुना, बुरशी धरलेला माल मिळतो.